व्हिएतनाममध्ये चांगलं जेवायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून हनोईला आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाली आणि आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांची रांग लागली. निघण्याआधी येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पोटाचे. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हो ची मिन्ह सिटीला तिथली माणसं बोलताना आजही सायगॉनच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरलंय.

१. चांगलं जेवण नक्की मिळतं कुठे? मोठ्या हॉटेलात, रेस्टॉरंटमध्ये की रस्त्यावर?

जिथे एकच पदार्थ मिळतो, तिथे. व्हिएतनामी खाण्याचं निम्मं रहस्य यात आहे. फोवाला फक्त फो (हाडांच्या रसातल्या तांदळाच्या शेवया) करतो, त्याच्या शेजारचा फक्त भाजलेल्या डुकराच्या मांसाचं बुन चा, आणि कोपऱ्यावरच्या बाई फक्त चिकट भात विकतात. पाटीवर आधी पदार्थाचं नाव, त्याखाली घरनंबर. बऱ्याच ठिकाणी ऑर्डर घ्यायला कुणी येतही नाही. तुम्ही बसलात की किती वाडगे हे बोटांनी विचारतात, संपलं. हाडांचं पाणी रात्रभर मंद आचेवर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पातेलं रिकामं झालं की शटर ओढायचं, हा त्यांचा धंदा. फो, पिझ्झा, पॅड थाय आणि बटर चिकन एकाच मेनूकार्डात फोटोसकट दिसले, तर पुढच्या गल्लीत जा.

याला अपवाद आहे. घरगुती पद्धतीचं भाताचं जेवण, म्हणजे मातीच्या भांड्यात आटवलेला मासा, आंबट सार, परतलेल्या पालेभाज्या, हे मधे ठेवून सगळ्यांनी वाटून खायचं असतं. त्यासाठी चार-सहा जण आणि नीट रेस्टॉरंटच हवं. पर्यटकांच्या मुख्य रस्त्यापासून दोन चौक आत गेलात, तर तीही उत्तम मिळतात.

२. कुठल्या वेळी काय खायचं?

घड्याळ चुकलं तर पदार्थही चुकतो. सकाळी सहा ते नऊ ही फो, बुन बो ह्वे (ह्वे शहराचा तिखट रस, प्रश्न ५), बान मी (मांस-अंडं घातलेला पाव) आणि शोईची (चिकट भात) वेळ. नामांकित फोवाले दहाच्या आसपास आवरतात. काही जण संध्याकाळी पुन्हा उघडतात. दुपारचं जेवण अकरा ते एक. त्यात हनोईला बुन चा, आणि सगळीकडे ‘कम बिन्ह दान’, म्हणजे काउंटरवर मांडलेल्या पंधरा-वीस प्रकारांतून बोट दाखवून भाताबरोबर घ्यायचं साधं जेवण. रात्रीचं जेवण सहा-सातला. बान सेओ (कुरकुरीत पोळा, प्रश्न ६), शंख-शिंपले, हॉटपॉट हे सगळं तेव्हा.

आपल्या सवयीने दुपारी अडीचला ‘चला आता जेवू’ म्हणून निघालात, तर दुकानात मालक खाटेवर पहुडलेला आणि खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतील.

३. हनोईत दोनच दिवस आहोत. काय खायचं आणि कुठे?

सकाळी फो. जुन्या शहरात ४९, बात दान या पत्त्यावरचं दुकान रांगेसाठी प्रसिद्ध आहे. रांगेत उभं राहायचं, आधी पैसे द्यायचे आणि आपला वाडगा आपणच उचलून बसायचं. तिथे फक्त बीफचा फो मिळतो. बीफ चालत नसेल तर ‘फो गा’, म्हणजे कोंबडीचा फो करणारी वेगळी दुकानं आहेत. हनोईकर तो कमी प्रतीचा मानत नाहीत. (फोचे प्रकार: प्रश्न ४.)

दुपारी बुन चा. हे दुकान नाकाने शोधायचं. फूटपाथवर कोळशाची लांबट शेगडी, शेजारी टेबलफॅन, आणि दोन जाळ्यांमध्ये दाबलेले मांसाचे काप व चपट्या टिक्क्या. धुराने भिंत काळी पडलेली असते. टेबलावर तीन गोष्टी येतात: पांढऱ्या तांदळाच्या शेवयांची ताटली, पानांची परडी, आणि एक वाडगा कोमट पातळ रस. त्या रसात माशाचा सॉस, व्हिनेगर, साखर आणि पाणी असतं, वर कच्च्या पपईचे पातळ काप तरंगतात आणि आत ते भाजलेलं मांस बुडवलेलं असतं. शेवया थोड्या-थोड्या उचलून त्यात बुडवायच्या, पानं हातानेच तोडून टाकायची. सगळ्या शेवया एकदम ओतल्या तर रस पातळ होतो आणि शेजारच्या टेबलावरची आजी हसते. बाजूला खेकड्याचे तळलेले चौकोनी रोल मागवा; ते कात्रीने कापून देतात.

ले वान हुउ रस्त्यावरच्या हुओंग लिएनमध्ये मे २०१६ मध्ये बराक ओबामा आणि अमेरिकी शेफ व टीव्ही सूत्रधार अँथनी बोर्डेन यांनी बुन चा खाल्लं. ते टेबल आता काचेच्या पेटीत आहे. जेवण चांगलं आहे, पण त्या तोडीची दुकानं हनोईत गल्लोगल्ली आहेत. टेबल बघायचं असेल तरच वाट वाकडी करा.

रात्री चा का. हळद आणि गलांगल (आल्यासारखा कंद) लावलेले माशाचे तुकडे टेबलावरच्या कढईत, आणि त्यावर मूठ-मूठ शेपू व कांद्याची पात. हो, शेपूच. घरात शेपूला नाकं मुरडणारे इथे दुसरी जुडी मागवतात. ज्या घराण्याने हा पदार्थ विकायला सुरुवात केली, त्यांचं चा का ला वाँग १८७१ चं मानलं जातं आणि तो रस्ताच आता चा का स्ट्रीट आहे. सोबत जांभळट रंगाची कोळंबीची आंबवलेली चटणी येते, तिचा वास उग्र असतो. जमली नाही तर ‘नुओक माम’, म्हणजे माशाचा सॉस मागा, कुणी काही म्हणत नाही.

मधल्या वेळी काफे जांग. न्गुयेन हुउ हुआन रस्त्यावर ३९ नंबरच्या अरुंद बोळातून आत जायचं. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम केलेल्या न्गुयेन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. अंड्याचा वास येत नाही. कस्टर्डसारखा साय-थर असतो आणि कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात.

४. हनोईचा फो आणि सायगॉनचा फो, फरक काय? कुठला खायचा?

दोन्ही. फो मुळात उत्तरेचा, हनोई-नाम दिन्ह पट्ट्यातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथे रस निवळशंख, गोडवा कमी, वर पातीचा कांदा. टेबलावर लसणाचं व्हिनेगर, मिरची आणि तळलेल्या पिठाच्या कांड्या, एवढंच. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, लाखो लोक दक्षिणेला गेले आणि त्यांच्याबरोबर फोही गेला. तिथे तो गोडसर झाला, आणि बाजूला मोड आलेले मूग, तुळशीची पानं, लिंबू, होइसिन (सोयाबीनचा दाट, गोडसर) सॉस असा सगळा बाजार मांडला जाऊ लागला.

दालचिनी, चक्रीफूल, लवंग, मसाला वेलची आणि विस्तवावर भाजलेलं आलं-कांदा दोन्हीकडे आहे. म्हणून तर आपल्या लोकांना पहिल्या घोटातच ओळखीचं काहीतरी लागतं. हनोईत बसून होइसिन सॉस मागू नका आणि सायगॉनला पानं न घालता खाऊ नका. पहिला चमचा मात्र दोन्हीकडे नुसत्या रसाचा.

५. ह्वे, होई आन आणि दा नांगला काय खास?

खाण्याच्या दृष्टीने मधला व्हिएतनाम सगळ्यात सरस, असं माझं ठाम मत आहे. आणि टूरवाले नेमका तिथेच एक दिवस देतात.

ह्वे ही १८०२ ते १९४५ न्गुयेन घराण्याची राजधानी. राजवाड्याच्या सवयीने इथे पदार्थ लहान-लहान झाले. बान बेओ म्हणजे बशी-बशीत वाफवलेलं तांदळाचं पीठ, वर सुक्या कोळंबीचा चुरा. बान नाम म्हणजे केळीच्या पानात वाफवलेली पातळ वडी. आपल्या पानगीची बहीण म्हणा, फक्त आत कोळंबी. बुन बो ह्वेमध्ये गवती चहा, लाल तेल आणि कोळंबीची पेस्ट असते; देशातला तिखट खाणाऱ्यांना समाधान देणारा रस तो हाच. बीफ आणि डुक्कर दोन्ही त्यात असतं. सकाळी कम हेन शोधा: गार भात, बारीक शिंपल्या, शेंगदाणे, आंबट फळांचे काप आणि वर गरम शिंपल्यांचं पाणी. फार स्वस्त आणि फार चांगलं.

होई आनला काव लाउ. जाड, चावून खायच्या शेवया, थोडासाच रस, वर कुरकुरीत तुकडे. खऱ्या काव लाउला गावातल्या बा ले विहिरीचंच पाणी लागतं असं गावकरी सांगतात. दुसरं म्हणजे कम गा, हळदीच्या भातावर हाताने सोडवलेलं चिकन. तांदळाच्या पिठाचे गुलाबासारखे पांढरे मोदकवजा डंपलिंग गावभर मिळतात, पण एकच कुटुंब ते बनवून सगळ्यांना पुरवतं, त्यामुळे कुठेही खाल्लेत तरी चव तीच.

दा नांगला मी क्वांग: पिवळ्या रुंद शेवया, तळाला जेमतेम रस, शेंगदाणे आणि तिळाचा पापड. चिकनचाही मिळतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या टाक्यांमधून मासा निवडताना मात्र किलोचा भाव आधी लिहून घ्या, वजन समोर करायला सांगा.

६. सायगॉनमध्ये?

सायगॉन हे सगळ्या देशाचं खाणं एकत्र आलेलं शहर. इथला स्वतःचा पदार्थ म्हणजे कम ताम. तुकडा तांदूळ पूर्वी गरिबाचा भात होता. आता त्यावर कोळशावर भाजलेली डुकराची चाप, अंड्याची वडी, लोणचं आणि गोडसर माशाचा सॉस घालून गाड्यांतून येणारेही खातात. सकाळी आणि रात्री उशिरा, दोन्ही वेळा.

बान मीसाठी काव थांग रस्त्यावरचं होआ मा हे १९५८ पासूनचं दुकान बघा. सकाळीच चालतं. पाव वेगळा आणि छोट्या तव्यात अंडी-मांस वेगळं अशी तिथली पद्धत. दिन्ह काँग चांगच्या गल्लीत ४६ए नंबरला बान सेओ: तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध घालून केलेला मोठा कुरकुरीत पोळा, आत कोळंबी, डुक्कर आणि मोड. तो तोडून मोहरीच्या मोठ्या पानात गुंडाळायचा आणि बुडवून खायचा. काटा-चमचा मागू नका, तो हाताचाच पदार्थ आहे. संध्याकाळी विन्ह खान्ह रस्त्यावर शंख-शिंपल्यांची दुकानं लागतात. कोकणातल्या माणसाला तिथून उठवणं कठीण जातं.

७. आम्ही घरचे सगळे शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही ना?

नाही, उलट मजेत जेवाल, पण एक अट आहे: साध्या दुकानात ‘नो मीट’ सांगून जेवू नका, शाकाहारी दुकानातच जा. पाटीवर रोमन अक्षरांत सी-एच-ए-वाय असे चार वर्ण दिसले की ते बौद्ध शाकाहारी दुकान. उच्चार साधारण ‘चाइ’. प्रत्येक शहरात, अगदी छोट्या गावातही अशी दुकानं असतात. त्यांचा माशाचा सॉसही सोयाबीनचा असतो.

तिथे चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी बरेच लोक मांसाहार सोडतात. पंधरावी म्हणजे आपली पौर्णिमा, पहिली अमावास्येच्या आसपास. त्या दिवशी ही दुकानं खचाखच भरतात आणि एरवी मांस विकणारेही काही जण शाकाहारी पदार्थ ठेवतात. जमलं तर सहलीतला एक दिवस असा येऊ द्या. सगळ्यात चांगलं शाकाहारी शहर ह्वे, कारण तिथे मठ-विहार पुष्कळ. ले क्वी दोन रस्त्यावरचं लिएन होआ हे साधं, स्वस्त आणि भरवशाचं. हनोईत उउ दाम आणि सायगॉनमध्ये हुम ही जरा सजून जायची, महाग, पण चवीला खरी उतरणारी.

एक धक्का आधीच सांगून ठेवते. या दुकानांच्या मेनूवर ‘चिकन’, ‘बीफ’, ‘कोळंबी’ असे शब्द असतात आणि ताटात हुबेहूब तसंच दिसतं. ते सोया, गव्हाचं ग्लुटेन आणि कोनजॅक (एका कंदाचं पीठ) असतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना आधी सांगा, नाहीतर पहिल्या घासालाच ताट परत जाईल.

८. साध्या हॉटेलवाल्याने ‘व्हेज फो’ आहे म्हणून सांगितलं. खावा का?

बहुधा नको. तो मांसाचे काप काढतो, भाजी घालतो आणि हाडांचा रस तोच ओततो. त्याच्या लेखी हे व्हेजच. असेच फसवे पदार्थ आणखी आहेत. लसणात परतलेली नाळेची भाजी दिसायला निष्पाप, पण तिच्यात माशाचा किंवा ऑयस्टर सॉस, कधी डुकराची चरबी. टोमॅटोतल्या टोफूत खिमा. अंड्याच्या बान मीला आत आधीच ‘पाते’ (यकृताची मऊ पेस्ट) फासलेली. ताज्या रोलमध्ये भाजी असली तरी बुडवायची वाटी माशाच्या सॉसची.

सगळ्यात गोड फसवणूक हनोईच्या शोई सेओची: हळदीचा चिकट भात, वर मुगाच्या डाळीच्या गोळ्याचे तासलेले काप, तळलेला कांदा. डोळे मिटून घ्यावं असं वाटतं. मग विकणारी बाई डब्यातून पळीभर पातळ चरबी वरून सोडते. पळी उचलण्याआधी ‘खोंग मो’ म्हणा, म्हणजे चरबी नको.

९. आम्ही जैन आहोत. कांदा-लसूणही नको.

प्रश्न ७ मधली दुकानंच तुमची. बौद्ध परंपरेत कांदा-लसूण वर्गातल्या पाच उग्र भाज्या टाळतात, त्यामुळे जुन्या वळणाच्या आणि विहाराजवळच्या दुकानांत त्या नसतातच. नव्या फॅशनेबल शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये मात्र असू शकतात, विचारून घ्या. कंदमुळांबद्दल तिथे काहीच संकल्पना नाही. गाजर, मुळा, तारो (अळूचा कंद) सर्रास. व्हिएतनामी भाषेत वाक्य लिहून फोनवर दाखवा. बोलून दाखवायला जाल तर सूर चुकतो आणि भलतंच काही समोर येतं.

१०. चिकन, मासे चालतात; बीफ आणि डुक्कर नको. मग?

‘गा’ म्हणजे कोंबडी, ‘का’ म्हणजे मासा, ‘तोम’ म्हणजे कोळंबी: हे तुमचे. ‘बो’ म्हणजे बीफ. डुकराला दक्षिणेत ‘हेओ’, उत्तरेत ‘लोन’. पाटीवर नुसतं ‘थित’ असलं तर ते डुक्कर समजा, कारण तिथे नुसतं मांस म्हटलं की डुक्करच. (शाकाहारी दुकानात हे शब्द दिसले तर घाबरू नका, प्रश्न ७.)

निर्धोक यादी: फो गा, होई आनचं कम गा, चिकनचं मी क्वांग, हनोईचं चा का, भाजलेली मासळी. तळलेले रोल टाळा, आत बहुतेक वेळा डुकराचा खिमा असतो. ‘अजिबात स्पर्शही नको’ असेल, तर मात्र कठीण आहे. परतायला चरबी वापरतात. हलाल हवं असेल तर सायगॉनला दोंग दू रस्त्यावर १९३५ मध्ये दक्षिण भारतीय मुसलमानांनी बांधलेली मशीद आहे. तिच्या आसपास हलाल जेवण मिळतं.

११. चुकून कुत्र्याचं मांस खाल्लं जाईल का?

नाही. ते महाग असतं, त्याची दुकानं वेगळी असतात आणि ‘थित चो’ अशी ठळक पाटी असते. कुणी ते डुकराच्या नावाखाली खपवणार नाही. होई आन शहराने तर २०२१ मध्ये ते हळूहळू बंद करण्याचं जाहीर केलं.

१२. सगळं फिकं लागतं. तिखटासाठी काय करायचं?

टेबलावर बघा. स्वयंपाक्याने पदार्थ मुद्दाम अर्ध्यावर सोडलेला असतो. लिंबू, कापलेली मिरची, मिरचीचं तेल, लसणाचं व्हिनेगर, पानं हे सगळं तुम्हीच घालायचं. पिशवीतून चटणी-लोणचं काढण्याआधी एवढं करून बघा. पानांत पुदिना आणि तुळस ओळखीची निघेल, पेरिलाही आवडेल. हृदयाच्या आकाराचं ‘दिएप का’ नावाचं पान मात्र आधी टोकच चावून पाहा, त्याला कच्च्या माशाचा वास असतो.

१३. पोट बिघडेल का? बर्फ, कच्ची पानं, रस्त्यावरचं पाणी?

उकळता रस आणि समोर भाजलेलं अन्न सगळ्यात सुरक्षित. गर्दीचं दुकान निवडा, तिथे काही उरून राहत नाही. मधे भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फोडलेल्या लादीचा नको. नळाचं पाणी पिऊ नका. नाजूक पोटवाल्यांनी पहिले दोन दिवस कच्ची पानं गरम रसात बुडवून खावीत आणि दुपारनंतरच्या उन्हात पडून राहिलेल्या मेयोनीज-पातेच्या बान मीपासून लांब राहावं.

१४. खर्च किती? टिप द्यायची का?

डोंग हे तिथलं चलन. त्याचे तीन शून्य झाकायचे आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं, साधारण रुपये येतात. साध्या दुकानात फोचा वाडगा ५० ते ८० हजार डोंगला मिळतो, म्हणजे पावणेदोनशे ते पावणेतीनशे रुपये. भाव बहुधा भिंतीवर असतात. नसले तर आधी विचारा.

टिपेची पद्धत नाही. टेबलावर ठेवलेला पाकीटबंद ओला रुमाल फोडलात तर त्याचे दोन-तीन हजार डोंग लागतात, ती फसवणूक नव्हे. भिंतीवरचे क्यूआर कोड तिथल्या बँकखात्यांसाठी असतात, आपलं ॲप चालेलच असं नाही. सुट्टी रोकड ठेवा. २० हजार आणि ५ लाखांच्या नोटा दोन्ही निळसर दिसतात, अंधारात घोटाळा होतो.

१५. आई-बाबांना त्या बुटक्या स्टुलांवर बसता येत नाही.

फूटपाथवर स्टुलं असली तरी आत डोकावून बघा, बऱ्याच दुकानांत नेहमीच्या उंचीची स्टीलची टेबलं असतात. चा का आणि मी क्वांगच्या दुकानांत बहुधा असतातच. नसतील तर एकावर एक दोन-तीन स्टुलं रचून द्यायला सांगा, सगळे तेच करतात.

१६. मिशेलिनच्या यादीवर विसंबावं का?

रेस्टॉरंटांना तारे देणारी मिशेलिन मार्गदर्शिका जून २०२३ मध्ये हनोई आणि सायगॉनला आली, २०२४ मध्ये दा नांगला. पहिल्या वर्षी चार ठिकाणांना एक-एक तारा मिळाला: हनोईत ताम वी, जिया आणि हिबाना बाय कोकी, सायगॉनमध्ये आनआन. यातलं हिबाना जपानी आहे, तेव्हा व्हिएतनामी जेवणासाठी ते सोडा. ताम वीचं उत्तरेकडचं घरगुती जेवण मला सगळ्यात पटतं, आणि प्रश्न १ मधलं वाटून खायचं जेवण नीट करून बघायचं तर तेच निवडा. आरक्षण आधी करा. ताऱ्यांपेक्षा स्वस्त-आणि-चांगल्यांची ‘बिब गूर्मां’ यादी जास्त कामाची, पण यादीत नाव आलं की रांग वाढते आणि कधीकधी भावही.

१७. प्रसिद्ध दुकानाच्या नावाची तीन-तीन दुकानं दिसतात. खरं कुठलं?

नावावर जाऊ नका, घरनंबर बघा. एखादं नाव चाललं की भाऊ, पुतण्या आणि ज्याचा काही संबंध नाही असा शेजारी, सगळेच तेच नाव लावतात. म्हणूनच इथे काही पत्ते नंबरासकट दिले आहेत. तिथले लोकही ‘४९ बात दान’ असंच म्हणतात. टॅक्सीवाला ‘ते बंद झालंय, दुसरीकडे नेतो’ म्हणाला, तर स्वतः जाऊन बघा.

१८. टूर कंपनीने रोज इंडियन डिनर दिलंय. काय करू?

रात्री त्यांचं खा, सकाळ आणि दुपार आपली ठेवा. हॉटेलचा फुकट नाश्ता सोडवत नाही हे कळतं, पण सकाळचा फो खायची वेळही तीच (प्रश्न २). नाश्त्याला नुसतं फळ घ्या आणि सातला बाहेर पडा.

१९. फेब्रुवारीत सुट्टी आहे, तेव्हा जाऊ का?

टेट कधी आहे ते आधी बघा. हे त्यांचं चांद्र नववर्ष. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे आठवडाभर घरगुती दुकानं बंद असतात, आणि चांगली दुकानं म्हणजे तीच. उघडी राहिलेली थोडा जादा आकार लावतात. प्रवास ठरलाच असेल तर त्या दिवसांत मोठ्या हॉटेलांवर भिस्त ठेवा, आणि केळीसारख्या हिरव्या पानांत बांधलेला चिकट भाताचा बान चुंग कुणी दिला तर नाही म्हणू नका. आत मूग आणि डुक्कर असतं, शाकाहारी प्रकारही मिळतो.

२०. मधेच एकादशी आली तर?

हा प्रश्न दर आषाढात येतो. रताळी, उकडलेल्या शेंगा, शहाळं आणि ड्रॅगनफ्रूट रस्त्यावर मिळतात. गोडाच्या गाडीवर ‘चे चुओइ’ बघा: केळं, नारळाचं दूध आणि टॅपिओकाचे मोती, म्हणजे साबुदाणाच. वर भाजलेले शेंगदाणे आणि तीळ. चिमूटभर मीठ असतं. तीळ चालतात की नाही ते तुमच्या घरच्या रिवाजावर.

२१. कॉफी कुठली मागवायची?

दक्षिणेत ‘का फे सुआ दा’, हनोईत तीच ‘नाउ दा’: कंडेन्स्ड मिल्क, बर्फ आणि वर टिपटिप गळणारा पत्र्याचा फिन (कॉफीची गाळणी). रोबस्टा असते, कडक. संध्याकाळी पाचनंतर प्यायलात तर झोप विसरा. ह्वेला मीठवाली कॉफी घ्या, ती तिथलीच. अंड्याची कॉफी प्रश्न ३ मध्ये आहे.

२२. मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात खरं व्हिएतनामी मिळतं का?

बहुतेक ठिकाणी ते ‘पॅन-एशियन’ मेनूच्या एका पानावर असतं, त्यामुळे नावावरून नव्हे, लक्षणांवरून ओळखा. ताज्या रोलमध्ये कोथिंबिरीखेरीज दुसरं पान आहे का? बरोबर लाल गोड चिली सॉस आला की शेंगदाण्याचा किंवा माशाचा? फोचा रस कॉर्नफ्लोअर घातल्यासारखा दाट असेल तर तो फो नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा इथे ‘बीफ’ फो असला तर तो म्हशीच्या मांसाचा. माझ्या मते इथे कोंबडीचाच घ्यावा, रसही जास्त नीट जमलेला असतो.

२३. मुलगा अमेरिकेत, मुलगी जर्मनीत. तिकडे कुठे जावं?

१९७५ नंतर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेले निर्वासित बहुतांशी दक्षिणेचे, त्यामुळे तिथला फो सायगॉनच्या वळणाचा. बे एरियात असाल तर सॅन होजे, लॉस एंजेलिसजवळ वेस्टमिन्स्टरचं लिटल सायगॉन, ह्यूस्टनला बेलेअर बुलेव्हार्ड, वॉशिंग्टनजवळ फॉल्स चर्चचं ईडन सेंटर. सिडनीत कॅब्रामाटा, मेलबर्नला फुट्सक्रे आणि स्प्रिंगव्हेल. लंडनला किंग्सलँड रोड.

पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियात मात्र साम्यवादी राजवटीत करारावर कामगार आले, त्यात उत्तरेकडचे बरेच. म्हणून बर्लिनच्या लिख्टेनबर्गमधलं डाँग शुआन सेंटर किंवा प्रागचं सापा मार्केट, इथे हनोईच्या पद्धतीचं बुन चा मिळायची शक्यता जास्त. दोन्ही घाऊक बाजार आहेत. नखांच्या पार्लरचं सामान आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या गोदामांमधून वाट काढत आत जायचं, उपाहारगृहं तिथेच आहेत.